भिलवडीचा घाट आणि काकूंचे दोन आकडे

मैत्रिणींनो, पलूसला कधी आलात तर द्राक्षं घ्या, किर्लोस्करवाडी बघा, पण एक संध्याकाळ भिलवडीच्या घाटासाठी राखून ठेवा. माझ्या चुलत सासूबाईंचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. रुंद दगडी पायऱ्या, पलीकडे औदुंबरचं दत्तमंदिर आणि मधे संथ कृष्णा. इतकी संथ, की हिनंच २०१९ च्या ऑगस्टमध्ये काकूंच्या देव्हाऱ्यापर्यंत पाणी आणलं हे खरं वाटू नये. काकूंनी पिठाचा डबा माळ्यावर टाकला, लोणच्याची बरणी मात्र राहिली. तिची चुटपुट अजून आहे. त्याच पुरात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. बायकामुलं गेली. तो विषय निघाला की घाटावर सगळ्या गप्प होतात.

आता पावसाळा लागला की फोडणी देता देता काकू मोबाइलवर दोन आकडे बघतात : कोयनेतून किती पाणी सुटलं आणि अलमट्टीतून किती सोडलं. मी शाळेत भूगोल शिकवते, पण क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हे मला घोटून पाठ करवलं ते काकूंनी!

कोयना आपली, साताऱ्याकडची. अलमट्टी कर्नाटकातलं. ते भरलं की पाणी आमच्याकडे तुंबतं, असं इथलं शेंबडं पोरही सांगेल. वडनेरे समितीनं २०२० मध्ये तो दोष अलमट्टीला दिला नाही. काकूंना ते मुळीच पटलेलं नाही. २०२१ च्या जूनमध्ये तेव्हाचे आपले जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, धरणांच्या पाण्याबाबत दोन्ही राज्यांनी मेळ ठेवावा म्हणून. जुलैत पूर आलाच. पण या वेळी काकू पाणी चढायच्या आधीच आमच्याकडे पलूसला आल्या, बरणीसकट.

उन्हाळ्यात सगळं उलटं. कर्नाटक कोयनेचं पाणी मागतं आणि आपल्याच जिल्ह्यातली जतच्या पूर्वेची गावं कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेकडे डोळे लावून बसतात. अदलाबदल करा, असं कितीदा बोलून झालं. आपण शेजारणी विरजण उसनं घेतो, त्याला करार लागत नाही; राज्यांना लागतो, आणि घोडं तिथंच अडतं.

युरोपात ऱ्हाइन नदीकाठच्या पाच देशांनी १९५० मध्येच एकत्र आयोग नेमला. महायुद्ध संपून पाचच वर्षं झाली होती, आणि त्यात जर्मनी-फ्रान्स दोघंही! १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर त्यांनी पुराचा आराखडाही मिळून केला. हे काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, आपण तर लढलोही नाही." (बेळगावचं भांडण त्या घरातलंच धरतात.)

तर याल तेव्हा हिवाळा संपता संपता या. नदी शांत असते, द्राक्षं गोड असतात आणि काकू फोन बाजूला ठेवून गप्पा मारतात.