आमची जेवणाची भिशी : सातारा ते मिरज

डिसेंबरातला रविवार होता. साताऱ्याच्या मोती चौकात सकाळी साडेनऊला आमची गाडी थांबली ती कंदी पेढ्यांसाठी. खवा चांगला तांबूस होईपर्यंत परतलेला असल्यामुळे हा पेढा प्रवासात टिकतो. म्हणून साताऱ्याहून कुणी पाहुणा निघाला की त्याच्या पिशवीत एक पुडा असतोच. आम्हाला मात्र तो वाटेतच संपवायचा होता. गाडीत साताऱ्याची 4 घरे होती, पुढे कराडची 2 घरे चढणार होती आणि सांगली-मिरजेची 5 घरे आमची वाट पाहत होती. अशी 11 घरे महिन्यातून एकदा एकत्र बाहेर जेवतात. यालाच आम्ही जेवणाची भिशी म्हणतो.

आमच्या भागात भिशी समजावून सांगावी लागत नाही. दहा-बारा घरे दरमहा ठरलेली रक्कम जमा करतात आणि चिठ्ठी निघेल त्या घराला ती मिळते. कुणाचे लग्न निघते, कुणाच्या घरावर पत्रा चढतो. काही ठिकाणी लिलावाची भिशीही चालते. तिच्यात ज्याला निकड असते तो कमी रक्कम घ्यायला तयार होतो आणि राहिलेले पैसे बाकीचे वाटून घेतात. गरजवंताच्या अडचणीवर मिळवलेला हा पैसा व्याजाच्या वाटेने जातो, म्हणून दीनदार घरे चिठ्ठीचीच भिशी धरतात. कोल्हापूरकडे मित्रमंडळींची रस्सा मंडळे असतात. ती शेतावर चूल मांडून मटण शिजवतात. आमची भिशी या दोन्हींच्या मधली आहे. पैसे जमतात आणि त्याच दिवशी सर्वांच्या ताटात जातात.

सुरुवात मात्र हौसेतून झाली नाही. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, सांगलीत घराघरांत पाणी शिरले. त्या वर्षी 12 ऑगस्टला बकरी ईद होती. साताऱ्या-कराडच्या आमच्या घरांतून ईदच्या आधीपासून चपात्या लाटल्या जात होत्या आणि कोरड्या चटणीसह गाठोडी बांधून पाठवल्या जात होत्या. रस्ते मोकळे झाल्यावर आमच्यापैकी काहीजण सांगलीत चिखल उपसायला गेले. तिथे एका घराच्या जिन्यावर, वर्तमानपत्राच्या कागदावर भाकरी ठेवून आम्ही पहिल्यांदा एकत्र जेवलो. त्या घराचे शेजारी, एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, हेही त्याच जिन्यावर होते. उठताना खाला म्हणाल्या, "आता पाणी नसतानाही भेटत जाऊ."

मग भेटत गेलो. कोरोनाच्या काळात खंड पडला, दोन माणसे कमी झाली. पुन्हा जमलो तेव्हा आमच्यात नकळत एक बदल झाला होता. भेटीसाठी मोठी हॉटेले निवडली जाऊ लागली. थंडगार हवेची खोली, जाडजूड मेनूकार्ड, शेवटी आइस्क्रीम. प्रत्येक घर आपापले बिल देई आणि फोटो काढून आम्ही घरी येत असू. चार-सहा महिन्यांनी कराडच्या एका घराचे येणे थांबले. एकदा मुलाला ताप होता, एकदा पाहुणे होते, एकदा गाडी बिघडली होती. आम्ही या कारणांवर विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणे सोयीचे होते. शेवटी खाला स्वतः एसटीने कराडला गेल्या आणि त्या भाभींच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्याल्या. तेव्हा कळले की टेम्पोचे भाडे मिळेनासे झाल्यापासून एका जेवणाला दोन-अडीच हजार खर्च करणे त्या घराला झेपत नव्हते. सांगायची लाज, म्हणून मुलाचा ताप.

खालांनी परत येऊन आम्हाला फार काही सुनावले नाही. त्यांनी फक्त एका हदीसची आठवण दिली. ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, त्या जेवणाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वाईट जेवण म्हटले आहे. आम्ही कुणाला वगळले नव्हते, पण बिलाने ते काम आमच्या वतीने केले होते.

त्यानंतर नियम बदलला. आता प्रत्येक घर एक बंद पाकीट आणते. पाकिटावर नाव नसते, रक्कम ठरलेली नसते. पाकिटे एका डब्यात पडतात आणि खाला एकट्या बसून एकूण बेरीज करतात. त्या बेरजेवरून कुठे आणि काय जेवायचे ते ठरते. बेरीज कमी आली तर बेत साधा होतो, माणसे कमी होत नाहीत. ही सहल त्या नियमाची पहिली परीक्षा होती.

महामार्गावर नागठाणे, अतीत मागे पडले. उंब्रजला मसूर गावाकडे जाणारा फाटा दिसताच मुलांनी ठरलेला विनोद केला, "मसूर आले, आख्खा मसूर कधी?" कराडात आधी मनोऱ्यांची मशीद पाहिली. आदिलशाहीच्या काळातली, सोळाव्या शतकातली ही जामा मशीद तिच्या उंच जोड मनोऱ्यांमुळे लांबूनच ओळखू येते. पुरुषांनी तिथे जोहरची नमाज अदा केली. बायका त्याच भाभींच्या घरी उतरल्या आणि तिथे नमाज पढून निघाल्या. भाभी गाडीत चढल्या तेव्हा त्यांच्या हातात पाकीट होते. ते त्यांनी इतरांसारखेच डब्यात टाकले. त्यात किती होते ते आम्हाला माहीत नाही, आणि तसे माहीत नसावे म्हणूनच हा खटाटोप.

बेरीज आली 5,850. माणसे लहानमोठी 34. खाला म्हणाल्या, "आख्खा मसूर."

कराडपासून पेठ नाक्यापर्यंतच्या पट्ट्यात हा पदार्थ राजा आहे. काही धाब्यांच्या पाटीवर दुसरे नावही नसते. अख्खे, सालासकट मसूर शिजवायचे, पण डाळीसारखे घोटायचे नाहीत. कांदा-टोमॅटो, आले-लसूण आणि घरोघरी असतो तो कांदा-लसूण मसाला तेलात चांगला परतायचा आणि मसूर त्यात मुरवायचे. वर तर्री, कोथिंबीर, शेजारी चिरलेला कांदा आणि तंदूरमधून निघालेली गरम रोटी. मटणाच्या रश्श्यात असतो तो सगळा ठसका यात असतो, फक्त मटण नसते. म्हणूनच तो सगळ्यांना चालतो.

हे सगळ्यांना चालणे किती मोलाचे असते, हे बाहेर जेवणाऱ्या मुसलमान घरांना वेगळे सांगायला नको. हॉटेलात मटण मागवण्याआधी जबीहा कोण करतो, हे विचारावे लागते. पूर्वी गावगाड्यात हा प्रश्नच येत नसे. गावात मुलाणी असे. मराठ्यांच्या, धनगरांच्या घरीही बकरे कापायला त्यालाच बोलावत आणि त्याचा वाटा त्याला देत. जत्रा असो की कंदुरी, गावच्या पातेल्यातले मटण त्याच्याच सुरीखालून आलेले असे. आता मटण कुठून येते ते वाढणाऱ्यालाही नेहमी ठाऊक नसते, आणि विचारले की समोरच्याचा चेहरा बदलेल अशी धास्ती वाटते. आमच्यातले काहीजण न विचारता फक्त भात-डाळ मागवत, तर काही संकोचाने गप्प राहून खात आणि घरी येऊन अस्वस्थ होत.

हा संकोच घालवला गुरुजींनी. ते माळकरी. चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, एकादशीला उपवास करतात. एकदा हॉटेलात बसताच त्यांनी वाढप्याला मोठ्याने विचारले, "भाजीत कांदा-लसूण आहे का? तेल कोणते? त्याच पळीने दुसरे काही वाढत नाही ना?" वाढप्याने सगळे नीट सांगितले आणि कुणालाही वाईट वाटले नाही. तेव्हा आमच्या लक्षात आले की प्रश्न विचारणे अपमानाचे नाही, तो कोणत्या सुरात विचारला जातो यावर सगळे आहे. आता आम्हीही हसतमुखाने विचारतो. उत्तराने समाधान झाले तर खातो, नाही तर आख्खा मसूर आहेच.

धाब्यावर तीन लांब टेबले जोडली. आमचा जुना नियम इथेही पाळला : आधी बायका बसतील. आमच्या लग्नांत आणि दावतींत काय होते ते आपण सारे पाहतो. पुरुषांचे दस्तरखान आधी उठते, मग बायका-मुले, आणि जिने पहाटेपासून खाना शिजवला, दालचा ढवळला, ती सर्वांत शेवटी, थंड झालेले खाते. आपल्यासमोर कुणीतरी गरम रोटी आणून ठेवते आहे, हे सुख तिच्या वाट्याला क्वचित येते. बिस्मिल्लाह झाले, गुरुजींनी मनात श्लोक म्हटला आणि जेवण सुरू झाले. काही सहाबांनी एकदा तक्रार केली होती की आम्ही जेवतो पण पोट भरत नाही. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना एकत्र बसून, अल्लाहचे नाव घेऊन जेवायला सांगितले, त्यातच बरकत आहे म्हणून. त्या दिवशी 34 माणसे पोटभर जेवली, ताटात काही टाकले गेले नाही आणि पैसेही उरले.

पेठ नाक्याहून सांगलीकडे वळले की दोन्ही बाजूंना ऊस. आष्ट्याच्या पुढे उसाच्या बैलगाड्यांमागे आमची गाडी हळू झाली आणि मुलांना एक-एक कांडे मिळाले. सांगलीत गुरुजी आम्हाला कृष्णेवर घेऊन गेले. 1929 साली उभा राहिलेला आयर्विन पूल पावसाळ्यात सांगलीकरांच्या काळजीचे ठिकाण असतो, कारण तिथली पाणीपातळी किती झाली हेच सारे शहर विचारत राहते. हिवाळ्यात तीच नदी शांत, तळाशी गेलेली. भाभींनी विचारले, "पाणी कुठपर्यंत आले होते?" गुरुजींनी बोटाने दाखवले. आम्ही बराच वेळ कुणीच बोललो नाही.

सांगली हळदीचे गाव. इथल्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याआधी 2016 साली बेदाण्याला. जवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं होती. जमिनीखाली खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिके. 2005च्या पुरात त्यांचे मोठे नुकसान झाले. आम्ही बायकांसाठी हळद घेतली, मुलांसाठी भडंग. चुरमुऱ्यांना लसूण, शेंगदाणे आणि तिखट लावलेला हा खाऊ सांगलीत चहाबरोबर हवाच. असरची नमाज आमच्या सांगलीच्या एका घरी झाली, तिथेच चहा आणि साताऱ्याचे उरलेले पेढे.

मिरजेत पोहोचलो तेव्हा मगरिबची अजान होत होती. मिरज म्हणजे ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा आणि सतारी बनवणारे शिकलगार. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (1872-1937) यांची कबरही याच दर्ग्याच्या आवारात आहे. पण आमच्या साताऱ्याच्या चाचांसाठी मिरज म्हणजे दवाखाने. 1894 साली इथे मिशनचा दवाखाना सुरू झाला तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातूनही रुग्ण मिरजेला येत राहिले. चाची इथल्याच एका दवाखान्यात 18 दिवस होत्या आणि इथेच त्यांचा इंतिकाल झाला. त्यानंतर चाचा मिरजेला आले नव्हते. गाडीतून उतरल्यावर त्यांनी रस्त्यापलीकडचे एक झाड दाखवले. "या झाडाखाली मी रोज वडापाव खायचो. एकटाच."

खालांनी डबा उघडला. 430 रुपये उरले होते. आम्ही आपापल्या खिशातून भर घातली, जवळच्या खानावळीतून भाकरी-भाजीची 20 पार्सले बांधून घेतली आणि चाचांच्या हाती दिली. रुग्णांचे नातेवाईक चादरी अंथरून बसले होते. चाचा पार्सल देऊन लगेच उठत नव्हते. प्रत्येकाजवळ थोडे बसत होते, कोण आजारी आहे ते विचारत होते. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याबरोबर त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. आम्ही लांब उभे राहून वाट पाहिली, घाई कुणी केली नाही.

वाचकांनीही अशी भिशी सुरू करावी, असे आम्हाला मनापासून वाटते. आठ-दहा घरे पुरतात. पाकीट बंद असू द्या, ते मोजणारे माणूस तोंडाचे पक्के असू द्या. एखादे घर दोनदा आले नाही तर फोनवर न विचारता त्याच्या दारात जा. रमजानमध्ये हाच डबा इफ्तारीला वापरा. आणि बेत कितीही साधा असला तरी एकही माणूस त्याच्यामुळे मागे राहत नाही ना, एवढे पाहा.

निघण्याआधी पुढच्या महिन्याची चिठ्ठी काढली. जिचे नाव निघेल तिने जागा निवडायची. सर्वांत लहान मुलाने चिठ्ठी उचलली. नाव निघाले कराडच्या भाभींचे. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्या क्षणभर विचारात पडल्या, मग हसून म्हणाल्या, "जागा कुठलीही धरा. फक्त मी वाढणार नाही."