पाव पैसा, पाव वाटी

निवृत्त माणसाने वेळ कसा घालवावा याबद्दल जगातल्या प्रत्येकाचे काही ना काही ठाम मत असते. फक्त त्या निवृत्त माणसाचे नसते. मे २०२३ मध्ये मी एका कारखान्याच्या स्टोअर्स खात्यातून निवृत्त झालो आणि आठ दिवसांत मला साठ वर्षांचा सल्ला एकदम मिळाला. कुणी सांगितले फिरायला जा, कुणी सांगितले पेटी शिका. शेजारचे अण्णा मात्र कठड्यावर रेलून हळू आवाजात म्हणाले, "डॉलर करा."

"डॉलर करा" म्हणजे काय करा, हे अण्णांनाही माहीत नव्हते. पण त्यांच्या आवाजात असे काही वजन होते, की पुढच्याच महिन्यात मी दादरच्या एका सभागृहात, वही आणि दोन पेनं घेऊन, चलनबाजाराच्या नवशिक्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसलो होतो.

नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या सौभाग्यवतींनी ब्राउनी करायला घेतली. आता एका घरात एका वेळी एकच नवशिका असावा. दोन असले की खर्चाचा हिशेब लागत नाही. पण तिच्या ब्राउनीला कारण होते, आणि माझ्या डॉलरला नुसते अण्णा होते.

कारण असे : आमची नात पुण्याला असते. ती पाच वर्षांची असताना तिला सीलिअ‍ॅक हा विकार असल्याचे कळले. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. ते पोटात गेले की अशा माणसाचे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. यावर एकच उपाय, तो पदार्थ जन्मभर वर्ज्य. थोडासा, चवीपुरता, सणापुरता, काही नाही. तेव्हापासून आमच्याकडे सुट्टीला येताना ती स्वतःचा डबा घेऊन येते. इतर मुलांच्या वाढदिवसालाही ती डबा नेते, आणि केक कापला की टाळ्या वाजवून कोपऱ्यात जाऊन आपला लाडू खाते. डिसेंबरात तिचा सातवा वाढदिवस आमच्या घरी व्हायचा ठरला तेव्हा सौ. म्हणाली, "नातीनं आजीच्या घरी डबा घेऊन यायचं? मग आजी कशाला म्हणायचं मला?"

हे झाले तिचे. माझ्या वर्गात शिकवणारा मुलगा माझ्या मुलापेक्षा लहान होता आणि मला 'काका' म्हणत होता. पण पहिल्याच रविवारी त्याने मला गार केले. म्हणाला, "काका, चलन एकटं कधी चढत नाही की उतरत नाही. ते नेहमी जोडीनं चालतं. डॉलर-रुपया, युरो-रुपया, पौंड-रुपया, येन-रुपया. एकाचं बरं चाललंय की नाही, हे दुसऱ्याकडे बघूनच कळतं." छत्तीस वर्षे संसार केलेल्या माणसाला हे समजायला जड गेले नाही. पुढे त्याने इतिहास सांगितला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि चार रुपये शहात्तर पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. म्हणजे घसरगुंडीवर मी आणि रुपया एकदमच बसलो. मी लवकर उतरलो, एवढाच फरक.

मग कळले की आपल्याकडे २९ ऑगस्ट २००८ पासून शेअर बाजारात डॉलरचे वायदेही होतात. एक लॉट म्हणजे एक हजार डॉलर, म्हणजे त्या वेळी त्र्याऐंशी हजारांचा माल. पण तो हातात घ्यायला अनामत म्हणून दोन-अडीच हजार ठेवले की पुरे. भाव हलतो तो पाव पाव पैशाने. मला भरून आले. आपल्या खिशातली पावली ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली, आणि इथे मुंबईच्या ऐन बाजारात पाव पैसा अजून हिंडतोय! मी हे बोलूनही दाखवले. मुलगा म्हणाला, "काका, पाव पैशाला लॉटमागे अडीच रुपये. आणि रुपया हलला तर हजार. तुमचे अडीच हजार किती वेळ टिकतील?" मी पेन खाली ठेवले.

शेवटच्या रविवारी त्याने फळ्यावर चार नियम लिहिले. पहिला, दोन महिने खरे पैसे लावायचे नाहीत, सौदे वहीतच करायचे. दुसरा, घेण्याआधीच किती तोट्यावर बाहेर पडायचे ते ठरवायचे. त्याला स्टॉप-लॉस म्हणतात. तिसरा, एका सौद्यात भांडवलाच्या शेकडा एक-दोनहून जास्त घालवायची तयारी ठेवायची नाही. चौथा, चुकलेला सौदा सुधारेल म्हणून धरून बसायचे नाही. चौथ्याखाली त्याने दोन रेघा मारल्या. मीही मारल्या, आणि पट्टीने मारल्या.

घरी आलो तर स्वयंपाकघरात तिच्या पहिल्या ट्रेचे काम चालले होते. तांदळाच्या पिठाची ती ब्राउनी चवीला चांगली होती, फक्त दाताखाली वाळू येत होती. दुसरी नुसत्या नाचणीची. ती ट्रेमधून निघाली, पण चूर होऊन. आम्ही ती दुधात घालून चमच्याने खाल्ली. तेव्हा सौ. विचारात पडली आणि म्हणाली, "अहो, भाकरी थापावीच लागते, पोळीसारखी लाटता येत नाही, ती याचसाठी. ज्वारीत, बाजरीत, नाचणीत तो चिकटपणाच नाही. तो दुसरीकडून आणायला हवा." पिढ्यान्‌पिढ्या भाकरी खाऊन आमचे पूर्वज ग्लूटेनमुक्त जगले, आणि त्यांना या गोष्टीचा पत्ताही नव्हता.

तिसऱ्या ट्रेला सूत्र सापडले. निम्मे नाचणीचे पीठ, निम्मी बदामाची पूड, दोन्ही मिळून जेमतेम अर्धी वाटी, म्हणजे प्रत्येकी पाव वाटी. दोन अंडी, तीच चिकटपणाचे काम करतात. वितळवलेले लोणी आणि काळे चॉकलेट, साखर, कोको, चिमूटभर मीठ. मिश्रण अर्धा तास तसेच ठेवायचे, म्हणजे पीठ ओल पिते आणि वाळू जाते. मग १७५ अंशांवर पंचवीस मिनिटे. टूथपिक खुपसून काढली तर कोरडी करकरीत यायला नको, दोन ओले कण चिकटून यायला हवेत. आणि सगळ्यात मोठा नियम : पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रॉस्टिंग लावायचे नाही. कोमट असतानाच लावले तर लोणी वितळते आणि वरची नक्षी ओट्यावरून वाहत जाते. तिसऱ्या वेळी ती वाहिलीच, कारण मला धीर निघाला नाही.

धीर हा माझा कच्चा विषय आहे. वहीतले माझे दोन महिने संपले, पण त्या दिवाळीच्या सुमारास डॉलर त्र्याऐंशीच्या जरा वर असे काही ठाण मांडून बसला होता, की मी दिवसभर त्याच्याकडे बघायचो आणि तो माझ्याकडे. शेवटी मी खरोखरीचा एक लॉट घेतला. दोन पैसे चढला. विकला. नफा वीस रुपये! पण घेण्याची आणि विकण्याची दलाली मिळून झाली चाळीस, वर कर वेगळा.

"म्हणजे वीस मिळवायला चाळीस घातले?" सौ.ने विचारले. "आणि माझ्या वाहून गेलेल्या फ्रॉस्टिंगला हसत होतात!"

अपमान झालेला माणूस धाडसी होतो. त्याच सुमारास माझ्या मोबाइलवर एका अ‍ॅपची जाहिरात आली. युरो-डॉलर, रात्रंदिवस व्यवहार, आणि एक रुपयावर पाचशे रुपयांचा सौदा. मी ग्रॅच्युइटीतले पंचवीस हजार पाठवायला बोट टेकवणार, एवढ्यात सौ. हातात टूथपिक घेऊन बाहेर आली. "काय करताय?" मी सांगितले. ती म्हणाली, "वरून फुगलंय छान. आतून शिजलंय का ते बघितलंत?"

मग बघितले. एकाला पाचशे म्हणजे भाव शेकडा पाव टक्काही न हलता, नुसता एक पंचमांश टक्का उलटा गेला की आपले सगळे पैसे साफ. आणि सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँक परवानगी नसलेल्या अशा दुकानांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध करते, तीत या अ‍ॅपचे नाव होते. मी बोट मागे घेतले. वहीत लिहिले, 'आजचा नफा : पंचवीस हजार.'

वाढदिवसाची आदली रात्र उजाडली, म्हणजे रात्र जशी उजाडते तशी. नात येऊन झोपली होती. नवा ट्रे, नवा लाकडी चमचा, नवी चाळणी, सगळे वेगळे आणलेले. कणकेचा डबा आठ दिवसांपूर्वीच गॅलरीत गेला होता. हिंगाच्या डबीतही गव्हाचे पीठ असते हे वाचून तीही हद्दपार झाली होती. मी मदतनीस. साडेनऊला चौथा ट्रे बाहेर आला. या वेळी मी हात पाठीमागे बांधून बसलो. तो गार झाला, फ्रॉस्टिंग लागले, आणि अशी देखणी ब्राउनी आमच्या घराने पाहिली नव्हती. सौ. हात धुवायला गेली.

आणि मला ती नवी चाळणी दिसली. फडताळावर, पिशवीत, लेबलासकट.

"चाळणी द्या हो," असे ती कामाच्या घाईत म्हणाली होती, आणि मी हात लांबवून खुंटीवरची दिली होती. रोजची. कणकेची.

खरे सांगतो, मी दोन मिनिटे गप्प उभा होतो. चाळणी धुतलेली होती. असा कितीसा कण लागला असेल? पाव पैशाएवढा? चार महिन्यांची खटपट, सहा-सातशे रुपयांचा माल, रात्रीचे दहा, आणि कुणालाही कळणार नव्हते. मग चौथ्या नियमाखालच्या दोन रेघा आठवल्या. पट्टीने मारलेल्या. मी सौ.ला बोलावून सांगितले.

मला वाटले आता आकाश कोसळेल. तिने ट्रेकडे पाहिले, चाळणीकडे पाहिले, माझ्याकडे मात्र पाहिले नाही. अण्णांचा मोठा डबा काढला आणि चमच्याने सगळी ब्राउनी त्यात लोटली. मी चाचरत म्हटले, "एवढ्याशानं काही झालंही नसतं कदाचित..."

"तिला एवढ्याशानंच होतं," ती म्हणाली. "द्या, नवी चाळणी द्या. नीट बघून द्या."

मी चार महिने जे वहीत लिहीत होतो ते तिने अर्ध्या मिनिटात करून दाखवले. राखीव चॉकलेट तिने आधीच आणून ठेवलेले होते. आपल्या अनामतीच्या बाहेर जाऊन सौदा करणाऱ्यांपैकी ती नाही. पाचवा ट्रे रात्री साडेबाराला गार झाला. एक वाजता त्यावर फ्रॉस्टिंग चढले.

दुसऱ्या दिवशी वाड्यातली बारा मुले जमली. ताटल्या भरल्या गेल्या. नातीने सवयीने आपला डबा शोधला. तो नव्हता. मग तिने ताटलीला हात न लावता हळूच विचारले, "आजी, यातलं मला चालतं?"

"तुला चालतं तेच आज सगळ्यांना दिलंय," आजी म्हणाली.

तिने पहिला घास घेतला आणि इकडे तिकडे पाहिले. सगळ्यांच्या ओठांवर तिच्यासारख्याच कोकोच्या मिशा होत्या. ती दुसऱ्यांदा मागायला आली तेव्हा सौ.ला एकदम कांदा चिरायची आठवण झाली. त्या दिवशी कांद्याचा पदार्थ नव्हता.

चलनबाजारातली माझी कारकीर्द पुढे लांबली नाही. ज्याचे परकीय चलनात काही खरेखुरे देणे-घेणे आहे त्यानेच रुपयाच्या वायद्यांत यावे, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक ३ मे २०२४ पासून लागू झाला. माझे सगळे देणे-घेणे रुपयांतच, त्यातही बरेचसे वाण्याकडे. मी वही मिटली. उरलेल्या पानांवर सौ.ने पाककृती लिहायला घेतल्या आहेत.

अण्णा परवा कठड्यावर भेटले. म्हणाले, "काय, डॉलरमध्ये काही सुटलं का?"

"तुमचाच फायदा झाला," मी म्हटले, "डबाभर."