फुंकर

गरम चहा बशीत ओतून त्यावर फुंकर घालायची माझी सवय घरात कुणालाच पसंत नाही. पण ही फुंकर म्हणजे केवढी चैन आहे, हे मला परवा एका वाचनातून उमगले. अंतराळात फुंकर घालायला हवाच नाही! यानाची उन्हाकडची बाजू भाजून निघते, सावलीतली गोठते. रंगातून, गोंदातून सुटणाऱ्या वाफा थेट भिंगावर जाऊन बसतात. म्हणून उड्डाणापूर्वी यानाचे भाग पोलादी कोठीत ठेवतात, आतली हवा उपसतात, आणि आळीपाळीने तापवून-गोठवून पाहतात.

अमेरिकेत ह्यूस्टनला अशी एक कोठी आहे; नुसते दारच ४० फूट व्यासाचे! चंद्रावर जाणाऱ्या यानांसाठी ती बांधलेली. २०१७ साली जेम्स वेब दुर्बीण तिच्यात सुमारे १०० दिवस होती. द्रवरूप नायट्रोजन आणि थंडगार हेलियम खेळवून तिला उणे २३० अंश सेल्सियसच्याही खाली नेले. ऑगस्टअखेर हार्वे वादळ आले, रस्ते पाण्याखाली गेले. पण माणसे तिथेच मुक्काम ठोकून तिच्यावर नजर ठेवून राहिली. कारण दुर्बीण जायची होती १५ लाख किलोमीटर दूर. तिथे दुरुस्तीला कोण जाणार? २०२१ च्या नाताळात ती उडाली.

हे सारे मी वर्गात रंगवून सांगितले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, कोठीत एखादा भाग नापास झाला तर?"

"तर दार उघडतात, बिघाड शोधतात, दुरुस्त करून पुन्हा तपासतात."

"म्हणजे घरी नाही पाठवत?"

वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाच्या वहीवर मी तांबड्या शाईने 'निष्काळजी' असा शेरा मारला होता. बेरजा बरोबर, पण आकडेच भलते! तो नापास झाला, शाळा सुटली. फळ्यावरचे त्याला दिसतच नव्हते, हे मला फार उशिरा, त्याच्या नाकावर जाड चष्मा पाहिला तेव्हा कळले.

आता त्याचे बाजारात किराणा दुकान आहे. काल दिवाळीचा रवा आणायला गेलो. त्याने तोलला, काट्याकडे वाकून पाहिले, पिशवी उतरवली आणि पुन्हा तोलला.

"गुरुजी, खात्री केलेली बरी."

मी त्याला एकदाच तोलले होते.