सातवी मात्रा आणि उजवा हात

गिटार शिकणाऱ्याच्या उजव्या हाताला सर्वांत आधी जडते ती खाली-वर अशा जोडीने चालण्याची सवय. आणि पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा बहुतांश भाग चार मात्रांत बांधलेला असल्यामुळे ती वर्षानुवर्षे कोठेच अडखळत नाही. टाइम सिग्नेचर, म्हणजे स्वरलिपीच्या आरंभी एकाखाली एक लिहिलेले दोन अंक. त्यांतला वरचा अंक आवर्तनातील मात्रांची संख्या सांगतो, तर खालचा एका मात्रेचे मान. हा वरचा अंक सात झाला की घोटाळा बोटांच्या आधी मनगटात होतो. पहिला स्ट्रोक खाली, दुसरा वर, असे करीत सातवा पुन्हा खाली येतो, आणि पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, जिच्यावर वजन पडायला हवे, नेमकी वरच्या, हलक्या स्ट्रोकवर जाऊन पडते. हात मूळ जागी परततो तो चौदा मात्रांनंतर. ही उलटापालट टाळायची तर सातव्या खालच्या स्ट्रोकनंतर हात तारांना न लागू देता वर उचलून पुन्हा खालीच आणावा लागतो, आणि नवशिक्याची लय हमखास तुटते ती या मुक्या उचलीतच.

एक ते सात मोजत राहण्याने यातले फारसे काही सुटत नाही, कारण कानाला सात ही संख्या ऐकू येत नसून तिचे गट ऐकू येतात. बल्गेरियातील राचेनित्सा या नृत्यात ते दोन-दोन-तीन असे पडतात, आणि शेवटचा लांब गट नाचणाऱ्याच्या पावलाला कळतो. पॉल डेझमंड यांच्या १९५९ सालच्या ‘टेक फाइव्ह’मधील पाच मात्रा पियानो तीन-दोन अशा धरून ठेवतो. पिंक फ्लॉइडच्या १९७३ मधील ‘मनी’ची मुख्य धून सातात चालते, पण गिटारचा एकल भाग येताच ती सरळ चारात उतरते, हाताला मोकळे धावता यावे यासाठी केलेली ही सोय गाण्याला मुळीच कमीपणा आणत नाही.

अशा मोजणीला विषम म्हणायचे ते चारावर वाढलेल्या कानानेच. नाट्यसंगीत आणि भावगीते ऐकत मोठ्या झालेल्या मराठी कानाला सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल परके नसतात, त्यामुळे असा विद्यार्थी सातापाशी आला की त्याला रूपक आठवणे स्वाभाविक आहे. मात्र रूपकाचे विभाग तीन-दोन-दोन असे आहेत, आणि त्याची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या जागी, आहे. तेथे ‘तीं’ वाजतो आणि डग्ग्याचा घुमारा नसतो. वजन पडते ते चौथ्या आणि सहाव्या मात्रेवरच्या ‘धी’वर. तेव्हा रूपकाच्या ठेक्यावर हात बसवू पाहणाऱ्याने पहिला स्ट्रोक हलका ठेवावा.