कोरा तक्ता

संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत कोऱ्या तक्त्याची बोळवण एखाद्या परिच्छेदात होते. मला मात्र तो जन्मभर पुरला.

एम.कॉम.ला कोल्हापुरात असताना प्रकल्पासाठी मी गुळाचा व्यापार निवडला. शाहू महाराजांच्या काळात, १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसली आणि इथला गूळ दूरवर जाऊ लागला. विषय घरचाच वाटत होता. लांबलचक प्रश्नावली तयार करून मी सरांपुढे ठेवली. त्यांनी ती उलटी ठेवली आणि म्हणाले, ‘‘आधी शेवटचे तक्ते आख. आकडे नकोत. आडव्या ओळी कुणाच्या आणि उभे रकाने कशाचे, एवढंच लिही. मग प्रत्येक प्रश्न कुठल्या चौकोनात जातो ते दाखव. जो कुठेच जात नाही तो गाळून टाक. लोक कामं सोडून तुझ्याशी बोलणार आहेत.’’

त्या संध्याकाळी निम्मे प्रश्न गळाले. पण तक्त्याने खरं काम केलं ते पुढे. ओळी लिहिल्या होत्या त्या अशा: मोठे गुऱ्हाळवाले, लहान गुऱ्हाळवाले, अडते, खरेदीदार. सरांनी खाली एक ओळ वाढवली: ‘गुऱ्हाळ बंद केलेले’. ‘‘हे तुला सौद्याला भेटणार नाहीत,’’ ते म्हणाले, ‘‘यांना कुठे शोधशील?’’ मार्केट यार्डात सकाळी उभं राहिलं की धंद्यात टिकलेलेच भेटतात, आणि टिकलेल्यांना विचारून धंदा का मोडतो हे कळत नाही. नमुना निवडण्याचं सगळं शास्त्र मला त्या एका ओळीने शिकवलं. मग मी करवीर तालुक्यातल्या गावांत हिंडून थंडावलेली चुलवाणं शोधली. मजूर मिळत नाहीत, दराचा भरवसा नाही, कारखाना ऊस तोडून नेतो आणि पैसे खात्यावर येतात. रात्र जागायला नको. त्यांची उत्तरं साधी होती, पण बाजारातल्या कुणीच ती दिली नव्हती.

चालू गुऱ्हाळांवर अडचण वेगळीच होती. एका ठिकाणी चुलवाणात चिपाड सारलं जात होतं, गुळव्या झाऱ्याने काहिलीतली मळी काढत होता आणि मालक वाफेपलीकडून म्हणाले, ‘‘उत्पन्नाचं काय इचारतीस पोरी? खर्च वजा जाता हातात काय ऱ्हातंय?’’ तक्त्यात उत्पन्नाचा रकाना होता आणि तो सरळ विचारून भरणार नव्हता. मग मी विचारलं, ‘‘काका, दिवसाला किती आधणं निघतात? एका आधणाला किती रवे पडतात? रवा किती किलोचा?’’ ही उत्तरं गुळव्याने मळी काढता काढताच दिली, मालकांनी दुरुस्त केली, काकवीचा हिशेबही स्वतःहून जोडला. गुणाकार मी घरी केला. माणसाला त्याच्या कामाच्या मापात विचारावं, तो मोकळेपणाने सांगतो.

त्याच वर्षी मी धनंजयराव गाडगीळांचं काम वाचलं. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली, तिचे ते पहिले संचालक. संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक पुण्यातल्या फळांच्या बाजाराच्या पाहणीचं होतं, आणि १९४० मध्ये वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी आली. पुढे हेच गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या आग्रहाने प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष झाले. बाजार मोजणारा माणूस कारखाना उभा करतो, याचं मला फार अप्रूप वाटलं. आजही वाटतं.

नंतर पुण्यात बाजारपाहणीच्या नोकरीत वर्षं गेली. तिथे अनेकदा निर्णय आधी झालेला असे आणि पाहणी त्यावर शिक्का मारण्यासाठी मागवलेली. अशा बैठकीत मी कोरा तक्ता पुढे सरकवायची आणि विचारायची, ‘‘या चौकोनात कोणता आकडा आला तर तुम्ही हा माल बाजारात आणणार नाही?’’ उत्तर मिळालं तरच पाहणीला अर्थ होता. काहींनी प्रामाणिकपणे आकडा लिहून दिला. एकांनी पाहणीच रद्द केली. माझ्या मते तोही चांगला निर्णय होता.

आता मी शिकवते. मुलं गूगल फॉर्म तयार करून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकतात, संध्याकाळपर्यंत शेकड्याने उत्तरं येतात आणि ती देणारे सगळे एकाच वयाचे, एकाच कॉलेजचे असतात. मी त्यांना आधी कागद घ्यायला लावते. यंदा एक विद्यार्थिनी बचत गटांच्या सेंद्रिय गुळावर काम करते आहे. ‘एकदा घेऊन पुन्हा न आलेले’ ही ओळ तिने स्वतःहून लिहिली. ती भरायची कशी, यावर आमचं अजून चाललं आहे. गटातल्या बायका घरपोच मालाची वही ठेवतात. तिच्यात नावं आहेत, वाडीही आहे. पुढच्या आठवड्यात ती वही बघायला आम्ही दोघी जाणार आहोत.