हिवाळा कुठं काढायचा?

गेल्या वर्षीची गोष्ट. भूगोलाचा तास चालू होता. सरांनी फळ्यावर उत्तर अमेरिकेचा पश्चिम किनारा काढला. वर अलास्काजवळ एक फुली मारली, खाली मेक्सिकोत दुसरी, आणि दोन्हींना जोडणारी रेघ ओढत ते म्हणाले, "करडा देवमासा दर हिवाळ्याला हा प्रवास करतो. आठ ते दहा हजार किलोमीटर जायचं आणि हिवाळा सरला की तितकंच परत यायचं."

वर्गात सगळ्यांनी 'अबब' केलं. मला मात्र हसू आलं. मनात म्हटलं, म्हणजे देवमाशांतसुद्धा उचल घेतात की काय!

माझं गाव बालाघाटाच्या डोंगरात आहे. दसरा झाला की ते रिकामं होऊ लागतं. मुकादमाचा ट्रक येतो. भांडी, ज्वारीचं पोतं, शेळी, तान्ही पोरं, सगळं त्यात चढतं. माझी माय आणि दादा ऊस तोडायला थेट कोल्हापूरकडे जातात, ते उन्हं तापल्यावर परत येतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मी मागं राहणाऱ्यांतली. पहिलीपासूनचे माझे सगळे हिवाळे आज्जीच्या गोधडीत गेले. त्यामुळे हिवाळा म्हटलं की मला थंडी आठवत नाही, कुलपं लागलेली गल्ली आठवते.

त्या तासानंतर मी ग्रंथालयात जाऊन मिळेल ते वाचत सुटले. आजवर समुद्र पाहिलेला नाही; पण समुद्रातली ही सस्तन जनावरं हिवाळा कसा काढतात, हे जाणून घेतल्याशिवाय चैन पडेना.

देवमासा हा मासा नव्हेच. तो, सील, समुद्री पाणमांजर ही सगळी आपल्यासारखीच उष्ण रक्ताची. पिलांना दूध पाजणारी, नाकानं हवा घेणारी. ध्रुवाकडचं समुद्राचं पाणी खारं असल्यामुळे जवळजवळ उणे १.८ अंशांपर्यंत उतरलं तरी गोठत नाही. आणि पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं ओढून नेतं. पौषातल्या पहाटे हौदात हात घालणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको! शिवाय समुद्रावर बर्फाचं छप्पर चढलं, की श्वास घ्यायला वर यायचं कुठून? म्हणजे थंडी आणि घुसमट अशी दोन संकटं.

पहिल्या संकटावरचा उपाय म्हणजे कातडीखालचा चरबीचा जाड थर. तो गोधडीही असतो आणि कणगीही. ऊब धरून ठेवतो, आणि उपासाच्या दिवसांत त्यातलंच काढून खाता येतं. पर आणि शेपटी यांत मात्र तशी चरबी नसते. तिथं गरम रक्त नेणाऱ्या रोहिणीभोवती थंड रक्त परत आणणाऱ्या नीलांचा वेढा असतो. जाणारं रक्त येणाऱ्या रक्ताला आपली ऊब देऊन पुढं जातं. करड्या देवमाशाच्या जिभेतही अशीच रचना असल्याचं १९९७ साली संशोधकांनी दाखवून दिलं. गार पाण्याचा घास घ्यायचा, पण तोंडावाटे ऊब जाऊ द्यायची नाही!

हा करडा देवमासा उन्हाळाभर बेरिंग आणि चुकची समुद्रांत राहतो. तळाशी जाऊन, कुशीवर कलून चिखल तोंडात ओढतो आणि जबड्यातल्या झालरीतून गाळून त्यातले कोळंबीसारखे बारीक जीव खातो. चार-पाच महिन्यांत कणगी भरून घ्यायची, की पुढं जवळजवळ उपासच. गाभण माद्या सगळ्यांच्या आधी दक्षिणेची वाट धरतात. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या उथळ खाजणांत पिलं जन्माला येतात. जन्मतःच चार-साडेचार मीटर लांब! आईच्या दुधात निम्म्याच्या आसपास चरबी असते. आई स्वतः काही खात नाही आणि पिलाला पाजत राहते. आईची गोधडी उसवत जाते आणि त्याच धाग्यानं पिलाची शिवली जाते. पिलाची गोधडी पुरेशी जाड होईपर्यंत आई थांबते. म्हणून परतीच्या वाटेला या मायलेकरांच्या जोड्या सगळ्यांत शेवटी लागतात.

कणगीच भरली नाही तर काय होतं, तेही दिसलं आहे. २०१६ च्या सुमारास या बाजूच्या पॅसिफिक महासागरात सुमारे २७,००० करडे देवमासे होते. २०२३ पर्यंत ते १४,५०० च्या आसपास उरले. किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या देवमाशांत कितीतरी हडकलेले होते. उत्तरेकडच्या समुद्रात त्यांचं अन्न घटलं, हे त्याचं मोठं कारण सांगितलं जातं.

हे वाचताना मला आमचा ट्रक आठवत होता. पण उपमा फार ताणू नये. देवमाशाला मुकादम नसतो. अंगावर फिरलेली उचल फेडायला तो पुढच्या वर्षी पुन्हा जात नाही. तो पोट भरून निघतो. आमची माणसं पोट भरायला निघतात.

समुद्री पाणमांजराची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या अंगावर चरबीचा थर नसतो. एका चौरस सेंटिमीटरात लाखाच्या वर केस, ही त्याची गोधडी; आणि रोज आपल्या वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा अन्न खायचं, ही त्याची शेकोटी. आई भक्ष्यासाठी बुडी मारते तेव्हा पिलाला समुद्रवनस्पतींच्या लांब पट्ट्यांत गुंडाळून पाण्यावर ठेवते, म्हणजे ते वाहून जात नाही. फडाच्या बांधावर बाभळीला बांधलेल्या झोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांच्या डोळ्यांपुढं हे चित्र लगेच उभं राहील.

पण माझं मन खरं अडकलं ते अंटार्क्टिकातल्या वेडेल सीलपाशी. कारण तो जात नाही. तो मागं राहतो!

किनाऱ्याला धरून राहिलेल्या बर्फाखाली तो सगळा हिवाळा काढतो. वर महिनोन्‌महिने रात्र आणि हाडं गोठवणारे वारे; त्यामानानं खालचं पाणीच बरं. रक्तात आणि स्नायूंत प्राणवायू साठवून तो तासाभरापर्यंत पाण्याखाली राहू शकतो, सहाशे मीटर खोल जाऊ शकतो. पण शेवटी श्वासासाठी वर यावंच लागतं. बर्फात एक भोक असतं, आणि ते पुन्हा पुन्हा गोठत असतं. मग हा सील जबडा उघडून डोकं इकडून तिकडं फिरवतो आणि पुढं आलेल्या दातांनी भोकाच्या कडा खरवडत राहतो. दिवसेंदिवस. हिवाळ्यामागून हिवाळे. दात झिजतात. झिजलेल्या दातांनी भोक राखता येत नाही आणि भक्ष्यही धरता येत नाही. म्हणून त्याचं आयुष्यच तोकडं होतं, असं अभ्यासक सांगतात. ज्या दातांनी तो जगतो, तेच त्याचा शेवट जवळ आणतात.

दुसऱ्यानं भोक राखल्याचीही एक गोष्ट आहे. १९८८ च्या ऑक्टोबरात अलास्कात पॉइंट बॅरोजवळ तीन करडे देवमासे वेळेवर निघाले नाहीत आणि बर्फात अडकले. तिथल्या इनुपियाट लोकांनी यंत्रकरवतींनी बर्फात एकापुढं एक भोकं कापत नेली. देवमाशांची पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणारे हे लोक! शेवटी दोन सोव्हिएत बर्फफोड्या जहाजांनी वाट काढली. सर्वांत लहान देवमासा मध्येच दिसेनासा झाला होता. उरलेल्या दोघांना खुल्या पाण्याची वाट मिळाली.

यंदा संक्रांतीला मी फडावर गेले, ती पिशवीत सगळे कपडे भरूनच. मायची कंबर धरली होती. मनाशी पक्कं केलं होतं, की आता कोयता मी घ्यायचा आणि मायला गावाकडं धाडायचं. बारावीनंतर भावकीत बोलणं निघालंच होतं, "पोरीचं उरकून टाका, एक नवा कोयता तयार होईल." आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. तेव्हा दादा गप्प बसले होते. माय म्हणाली होती, "ती न्हाई जायाची. मी दोन मोळ्या जास्ती बांधीन."

रात्री कोपीत चुलीपुढं बसून मी तिला त्या सीलची गोष्ट सांगितली. ती उसाच्या पाचटानं चिरलेल्या तळव्यांना तेल चोळत ऐकत होती.

"दातानं?" तिनं विचारलं.

"हो. दातानंच."

"अन् दात गेल्यावर?"

"मग भोक बुजतं, माय."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तेलाची वाटी बाजूला सारत म्हणाली, "तवर पिल्लू मोठं झालं आसंल की."

मला काही बोलता येईना. ट्रकमध्ये बसल्यापासून घोकलेलं सगळं घशातच राहिलं.

पहाटे चारला ती नेहमीसारखी उठली. मी कोयत्याला हात घातला, तर तिनं तो काढून घेतला आणि माझी पिशवी माझ्यापुढं ठेवली. "परीक्षा कवा हाय?" एवढंच विचारलं.

"मार्चात," मी म्हणाले.

अंधारात कंबरेवर एक हात ठेवून ती फडाकडं निघाली. उजाडल्यावर मी एस.टी.त बसले. आपण उपकार घेऊन निघालो आहोत की पळून, हे मला अजून नीट कळलेलं नाही. पण ते भोक कुणाच्या दातांनी उघडं राहिलं आहे, हे मला कळलं आहे. पुढचा एखादा हिवाळा तरी ते माझ्या दातांनी राखता यावं, आणि मायनं तो घरी, आज्जीच्या गोधडीत काढावा, एवढ्याचसाठी मी सध्या अभ्यास करते आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला