सात सह्या

रविवारची मिस्सा आटोपली होती. वलवणच्या धरणावरून आलेले धुके अजून ओसरले नव्हते. मी पुरोहितवस्त्रे उतरवून बाहेर आलो, तेव्हा आमच्या युवक मंडळाची सात मुले-मुली ओट्यावर माझी वाट पाहत उभी होती.

"फादर, आम्हांला मंडळाची रीतसर नोंदणी करायची आहे. ज्यांना धंदा सुरू करायचा आहे, त्यांना मदत करायची आहे," त्यांची पुढारी मुलगी म्हणाली. मग थोडे अडखळत तिने पुढचे वाक्य उच्चारले, "आणि अध्यक्षपद तुम्ही घेऊ नये, अशी आमची विनंती आहे."

खरे सांगतो, मला ते लागले. पण रात्री प्रार्थनेस बसलो असता एक जुनी गोष्ट आठवली आणि मनातला राग ओसरला.

पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना मी एका होतकरू मुलाला हातगाडीसाठी पैसे दिले होते. काही माझे, काही नाताळच्या वर्गणीतून उरलेले. ना सभा घेतली, ना वहीत लिहिले. धंदा बरा चालला. परंतु एके दिवशी चर्चच्या फाटकापाशी कुणीतरी सर्वांदेखत विचारले, "यालाच का? आमच्या मुलाला का नाही?" माझ्यापाशी उत्तर नव्हते, दाखवायला कागदही नव्हता. त्या मुलाने मान खाली घातली. पुढे त्याने पै न् पै फेडली. पण मिस्सेला येणे सोडले. पैसे परत आले, मुलगा आला नाही.

माझी माया खोटी नव्हती. परंतु हिशेबावाचून केलेली माया घेणाऱ्याला ओशाळे करते, हे मला तेव्हा उमगले नाही.

मुलांनी मात्र सर्व माहिती काढून ठेवली होती. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यान्वये किमान सात जणांनी एकत्र यावे लागते. आपल्या राज्यात अशा संस्थेची 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. त्यासाठी पुण्याच्या धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. दरवर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो. विश्वस्त बदलले, तर 90 दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. नफा सभासदांत वाटून घेता येत नाही. पतपेढी चालवायची, तर सहकार कायद्याचा मार्ग निराळा. म्हणून मुलांनी आपले काम नेमके ठरविले: हिशेब लिहायला शिकविणे, उद्यम नोंदणी करून देणे, चिक्की बनविणाऱ्याला अन्न परवान्याचा अर्ज भरून देणे, जिल्हा उद्योग केंद्रात सोबत जाणे, आणि वजनकाटा, शिवणयंत्र यांसारखी साधने काही काळ वापरायला देणे.

आपल्या लोकांना हा मार्ग नवा नाही. छोटा नागपुरात जर्मन येशूसंघीय फादर हॉफमन यांनी 1909 साली आदिवासी बांधवांसाठी सहकारी पतसंस्था उभारली. वसईत 1918 साली मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक सहकारी पतसंस्था निघाली; तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. ते धर्मगुरू दानपेटी उघडून थांबले नाहीत. लोकांच्या हाती त्यांनी वही दिली. म्हणूनच ते गेल्यावरही काम उरले. त्याहीपूर्वी, 1891 साली, पोप लिओ तेरावे यांनी श्रमिकांना आपल्या संघटना बांधण्याचा हक्क आहे, असे जगाला बजावले होते. धर्मगुरूची बदली होते. संस्था जागच्या जागी राहते.

दुसऱ्या रविवारी मी मुलांना होकार दिला. नियमावलीत केवळ एक कलम घालण्याची विनंती केली: ज्याला मदत मिळेल, त्याचे नाव व कारण सभेत वाचले जावे, ज्याला मिळणार नाही, त्याला कारण लेखी कळवावे. त्यांनी विचारले, "हे कशासाठी, फादर?" मी त्यांना हातगाडीची गोष्ट सांगितली. बराच वेळ कुणी बोलले नाही.

नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आले, त्या दिवशी मुलांनी ते वेदीजवळ आणले. त्यांच्या घटनेवर सात सह्या आहेत, त्यांत माझी नाही. त्या संध्याकाळी मी एक पत्र लिहायला बसलो. पत्ता जुना आहे, तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकला असेल. पहिलीच ओळ लिहिली: "बाळा, चूक तुझी नव्हती."